हा आकडा कुठून आणलात?

तुमची कामं मी वाचली. एकूण एक वाचली, तळटिपांसकट. आता पेन खाली ठेवा आणि नीट ऐका. आज गोड बोलायची माझी तयारी नाही.

दिलेलं काम अवघड नव्हतं. दोन मीटर आतल्या व्यासाचं उभं व्हेसल, २० बार डिझाइन दाब, २०० अंश तापमान, एसए-५१६ ग्रेड ७० ची प्लेट, ३ मिलिमीटर करोजन अलाउन्स, आणि जमिनीपासून पंधरा मीटरवर, शेलच्या अंगाला, पॅड लावलेलं एक आठ इंची नॉझल. त्या नॉझलवर पायपिंगने किती लोड टाकलेला चालेल ते ठरवा आणि कसं ठरवलं ते लिहा, एवढंच सांगितलं होतं. बहुतेकांनी सहा रकाने झटपट भरले, तीन फोर्स आणि तीन मोमेंट. 'कसं ठरवलं' ही जागा मात्र कोरी. काहींनी तिथे लिहिलं, 'मागच्या प्रोजेक्टप्रमाणे'. एकाने लिहिलं, 'प्रचलित पद्धत'. आणि एका शहाण्याने पंपांसाठी असलेल्या एपीआय ६१० मधला तक्ता उचलून जसाच्या तसा या व्हेसलला चिकटवला.

याला पाट्या टाकणं म्हणतात.

तुम्ही नोकरी करणारी माणसं आहात. दिवसा कन्सल्टन्सीत नाहीतर फॅब्रिकेशन कंपनीच्या डिझाइन खात्यात बसता आणि संध्याकाळी इथे येता. म्हणूनच मला हे जास्त लागलं. कॉलेजातल्या मुलाने 'मागच्या प्रोजेक्टप्रमाणे' लिहिलं तर त्याने अजून प्रोजेक्टच पाहिलेला नाही म्हणून एकवेळ सोडून देता येतं. तुमच्या कागदावर उद्या प्लेट मागवली जाते, परवा ती रोल होते, आणि मग तो आकडा पुढची पंचवीस वर्षं कुणीतरी खरा धरून चालतो.

मागच्या प्रोजेक्टमधलं व्हेसल किती जाडीचं होतं? त्याचा दाब किती होता? त्या तक्त्यातले लोड शेलच्या पृष्ठभागावर धरले होते की फ्लँजच्या तोंडावर? विचारलं तर तुम्ही एकमेकांकडे बघता. तो तक्ता ज्याने पहिल्यांदा बनवला त्याने काहीतरी गृहीत धरूनच बनवला असणार. ते गृहीतक तुमच्यापर्यंत पोहोचलेलं नाही, फक्त आकडे पोहोचले. जाडी बदलली, दाब बदलला, व्यास बदलला, आणि आकडे तेच.

आणि पंपाच्या तक्त्याबद्दल. पंपाच्या नॉझलवर मर्यादा घालताना केसिंग वाकू नये आणि पंपाचा शाफ्ट मोटरच्या शाफ्टशी सरळ रेषेत राहावा ही काळजी असते. शाफ्ट थोडासा हलला तरी बेअरिंग आणि सील जातात. तुमच्या व्हेसलमध्ये शाफ्ट कुठे आहे? तिथे प्रश्न आहे नॉझलच्या मुळाशी शेलमध्ये येणाऱ्या ताणाचा, नॉझलच्या गळ्याचा आणि फ्लँजच्या गळतीचा. वेगळ्या यंत्राच्या वेगळ्या दुखण्यासाठी लिहिलेलं औषध घेतलंत तुम्ही. एपीआय ६१० मध्ये जे आहे ते अगदी बरोबर आहे, पंपासाठी.

आता दिलेल्याच व्हेसलचा हिशोब करू. तुमच्यापैकी कुणीही तो केलेला नाही, म्हणून मला करावा लागतोय.

सगळ्या जोडांची पूर्ण रेडिओग्राफी धरली, तर गंजलेल्या अवस्थेत नुसत्या दाबासाठी शेलला सुमारे १४.७ मिलिमीटर जाडी लागते. त्यात ३ मिलिमीटर मिळवले की १७.७, म्हणून आपण १८ ची प्लेट घेतो. काही वर्षांनी ते ३ मिलिमीटर खाल्ले गेले की हातात उरतात १५. त्या १५ मिलिमीटरमध्ये २० बारने परिघाच्या दिशेने सुमारे १३५ मेगापास्कल ताण येतो. या प्लेटला या तापमानाला परवानगी आहे १३८ ची. म्हणजे नॉझलपासून दूर, नुसत्या कोऱ्या शेलमध्येच, दाबाने जवळपास सगळी परवानगी वापरून टाकलेली आहे.

नॉझलच्या मुळाशी, छोट्या भागापुरतं, डिव्हिजन २ च्या नियमाने मेंब्रेन ताण दीडपटीपर्यंत, म्हणजे २०७ पर्यंत चालतो. २०७ मधून १३५ गेले, राहिले ७२. त्या ७२ मध्येही शेलला भोक पाडल्यामुळे दाबाचा जो ताण तिथे वाढतो त्याचा वाटा आहे. पॅडमुळे तो कमी होतो, नाहीसा होत नाही. हे सगळं वजा जाऊन जे उरतं तेवढंच पायपिंगला देता येतं. तुमच्यापैकी एकाही कागदावर हे वजाबाकीचं गणित नाही. दाब शून्य आहे असं समजून तुम्ही अख्खी जाडी पायपिंगला वाटून मोकळे झालात.

'पण मॅडम, यूजी-३७ प्रमाणे पॅड बरोबर बसतोय', असं कुणी म्हणणार आहे का? बसतोय, मान्य. यूजी-३७ मध्ये तुम्ही भोकातून गेलेलं क्षेत्रफळ भरून काढता, ते दाबासाठी. पाइप वाकवतोय, ढकलतोय, पिळतोय याचा त्या हिशोबाशी काहीही संबंध नाही. यूजी-२२ उघडून वाचा. दाबाबरोबर जोडलेल्या पायपिंगमुळे येणारे लोडही डिझाइनमध्ये धरावेत असं तिथे स्पष्ट लिहिलंय. धरायचे म्हणून सांगितलंय, पण नॉझलच्या मुळाशी ताण मोजायची स्वतःची पद्धत डिव्हिजन १ त्या कलमात देत नाही. पद्धत निवडायची आणि तिचं समर्थन करायचं ते डिझायनरने. ही तुमच्या गळ्यात घातलेली जबाबदारी आहे, पळवाट नव्हे.

पद्धतींची नावं तुम्हाला पाठ आहेत, तेवढं मी पाहिलं. डब्ल्यूआरसी १०७, डब्ल्यूआरसी २९७, आता डब्ल्यूआरसी ५३७. पण त्या कुठून आल्या आणि कुठे थांबतात हे किती जणांना सांगता येईल? कॉर्नेल विद्यापीठातल्या बायलार्ड यांनी १९५० च्या दशकात शेलवरच्या स्थानिक लोडचं गणित मांडलं. त्यावरून विचमन, हॉपर आणि मर्शन यांनी १९६५ मध्ये बुलेटिन १०७ काढलं, १९७९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. नळकांड्याच्या बाबतीत त्यामागचं मूळ गणित भोक नसलेल्या अखंड शेलचं आहे, त्यावर एका ठरावीक तुकड्यापुरता लोड दिलेला. ते शेलमधला ताण सांगतं. नॉझलच्या गळ्यात किती ताण आला हे ते सांगतच नाही. १९८४ च्या बुलेटिन २९७ ने नॉझलमधला ताणही दिला, पण त्यालाही व्यासांच्या आणि जाडीच्या गुणोत्तरांच्या मर्यादा आहेत. २०१० च्या ५३७ ने १०७ चे आलेख समीकरणांत बांधले, म्हणजे आलेखावर पट्टी ठेवून डोळ्यांनी आकडा वाचायचं काम वाचलं. पट्टी ठेवणाऱ्या माणसाला आलेख कुठे संपतो ते दिसायचं. तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही सॉफ्टवेअरच्या शेवटच्या पानावरचा 'पास' शब्द वाचता आणि त्याच्या वरची मर्यादेबाहेर गेल्याची सूचना वाचत नाही. दोघांच्या प्रिंटमध्ये ती सूचना छापलेली आहे. मी लाल पेनने गोल केलाय, बघून घ्या.

ज्या मोजक्यांनी १०७ चा हिशोब केला त्यांचं कौतुक करावं म्हणून पान उलटलं, तर शेलची जाडी १८ धरलेली. नवी कोरी प्लेट! वाकण्याचा ताण ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो. १८ आणि १५ यांच्या वर्गांचं गुणोत्तर १.४४. म्हणजे तुमच्या कागदावर जिथे १०० आहे तिथे गंजलेल्या शेलमध्ये १४४ च्या आसपास जाईल. व्हेसल नवं असताना सुरक्षित आणि म्हातारं झाल्यावर देवाच्या भरवशावर, असं डिझाइन कुठल्या कोडमध्ये बसतं?

नॉझलच्या गळ्याचंही तेच. आठ इंची शेड्यूल ८० पाइपाची जाडी कागदावर १२.७ मिलिमीटर. पाइप कारखान्यातून साडेबारा टक्के पातळ आला तरी तो नियमात बसतो, म्हणजे ११.१. त्यातून ३ गंजाचे गेले, राहिले ८.१. ही जवळपास शेड्यूल ४० ची भिंत झाली. त्याच मोमेंटखाली वाकण्याचा ताण सुमारे दीडपट होतो. हा हिशोब करायला कॅल्क्युलेटर लागतो आणि दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कुणालाही मिळाली नाहीत.

आता पॅड. पॅड असलेल्या नॉझलला दोन ठिकाणी तपासायचं असतं. एक, नॉझल जिथे शेलला भिडतं तिथे, शेल आणि पॅडची जाडी मिळून. दुसरं, पॅडची कड जिथे संपते तिथे, नुसत्या शेलच्या जाडीवर. पॅड अपुऱ्या रुंदीचा असेल तर दुसरी जागाच आधी जाते, कारण तिथे मदतीला कुणी नसतं. तुम्ही तपासलीत ती फक्त पहिली जागा, तीही काहींनीच.

अक्षांबद्दल फार बोलत नाही, लाज वाटते. पायपिंगवाल्याचे एक्स, वाय, झेड प्लांटच्या दिशांनी असतात. नॉझलचे अक्ष नॉझलसोबत फिरतात. परिघाच्या दिशेने वाकवणारा मोमेंट नळकांड्याला लांबीच्या दिशेने वाकवणाऱ्या मोमेंटपेक्षा सहसा जास्त जाचतो. ते दोन आकडे अदलाबदल झाले तर सगळं उत्तर चुकतं. तिघांच्या कागदावर झालेत.

आणि लोड कुठे लागू आहे ते कुणी लिहिलं? पायपिंगवाला फ्लँजच्या तोंडाशी लोड देतो. नॉझल शेलमधून २५० मिलिमीटर बाहेर असेल आणि १० किलोन्यूटनचा आडवा फोर्स असेल, तर शेलपर्यंत पोहोचेपर्यंत अडीच किलोन्यूटन-मीटरचा जादा मोमेंट तयार होतो. कागदावर जागा लिहिली नाही तर तो मोमेंट ना त्याच्या हिशोबात येतो, ना तुमच्या.

फ्लँजपाशी मी जरा थांबणार आहे, कारण प्रत्यक्ष कारखान्यात लोक याच ठिकाणी भोगतात. शेल फाटण्याआधी फ्लँज गळते. गळती झाली की रात्रपाळीचा माणूस स्पॅनर घेऊन चढतो, बोल्ट आवळतो, गळती थांबते, आठवड्याने पुन्हा सुरू होते. गॅस्केट बदलून बघतात, गॅस्केटचा पुरवठादार बदलून बघतात. मूळ कारण डेटाशीटमधल्या मोमेंटच्या रकान्यात असतं आणि ती डेटाशीट एखाद्या कपाटात पडलेली असते.

तुमच्यापैकी अनेकांनी या नॉझलला १० किलोन्यूटन-मीटर मोमेंट चालेल असं लिहिलंत, म्हणजे साधारण एक टन-मीटर. केलॉगची जुनी पद्धत घ्या. तीत बाहेरचा मोमेंट आणि ओढ यांचं रूपांतर समतुल्य दाबात करतात आणि तो मूळ दाबात मिळवतात. मोमेंटसाठी सोळा गुणिले मोमेंट, भागिले पाय गुणिले गॅस्केटच्या व्यासाचा घन. गॅस्केटचा परिणामी व्यास सुमारे २५० मिलिमीटर धरा. उत्तर येतं साधारण ३२ बार. त्यात तुमचा २० बारचा दाब मिळवा, ५२ झाले, आणि फोर्स तर अजून धरलेलाच नाही. क्लास ३०० च्या कार्बन स्टील फ्लँजचं २०० अंशांवरचं रेटिंग ४३.८ बार. आणि काहींनी तर या नॉझलला क्लास १५० ची फ्लँज दाखवली आहे! २०० अंशांवर ती मोमेंट नसतानाही २० बारला पुरत नाही.

केलॉगची पद्धत कडक आहे, प्रत्यक्षात फ्लँज थोडं जास्त सोसते, हे मला ठाऊक आहे. अलीकडच्या कोडमध्ये रेटिंगच्या आधारे जरा सैल तपासणीही दिली आहे. ती वापरा, माझी हरकत नाही. पण कुठलीतरी वापरा. शेलचा हिशोब 'पास' झाला म्हणून नॉझल पास होत नाही. शेल, गळा, फ्लँज, या तिघांत जो सर्वांत आधी हात टेकतो त्याच्यावरून तुमचा आकडा ठरतो.

पुढची गोष्ट तर तुमच्यापैकी एकाच्याही कागदावर नाही. लोड कुठल्या जातीचा? पाइपाचं वजन, आतल्या द्रवाचं वजन, हे कायम राहणारे लोड. नॉझल जरा वाकलं म्हणून ते कमी होत नाहीत. त्यांना प्राथमिक ताणाची कडक मर्यादा लागते. पाइप तापून लांबतो तेव्हाचा लोड वेगळा, तो विस्थापनातून येतो, थोडं वाकलं की सैल पडतो. त्याला दाब आणि वजन यांच्यासकट एकूण ताणासाठी ३एस ची, म्हणजे परवानगीच्या तिप्पट, मर्यादा चालते. वारा, भूकंप, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतानाची प्रतिक्रिया, हे प्रासंगिक. तुम्ही सगळ्यांना एकाच रकान्यात कोंबलंत. मग मी तपासताना दीडपट लावू की तिप्पट? तक्ता वाचणाऱ्या फॅब्रिकेटरने काय समजायचं?

आणि हायड्रोटेस्ट! गॅसची आठ इंची शेड्यूल ४० लाइन रिकामी असताना मीटरमागे सुमारे ४२ किलो. टेस्टसाठी पाण्याने भरली की त्यात मीटरमागे ३२ किलोची भर. स्प्रिंग सपोर्ट त्या वेळी पिन लावून अडकवायला हवेत. हे ज्यांना माहीत होतं त्यांनी हात वर करा. असू दे.

आता पायपिंगच्या टेबलावर बसणाऱ्यांनी गालातल्या गालात हसू नये. तुमचा वाटाही मोठा आहे. हे नॉझल पंधरा मीटर उंचीवर आहे. व्हेसल तीस अंशांवरून दोनशेवर तापलं की ते नॉझल तीस मिलिमीटर वर जातं. तुमच्या मॉडेलमध्ये ते शून्य दाखवलंय, पक्कं, न हलणारं. लाइन शेजारच्या स्ट्रक्चरवर कडक बांधली आणि नॉझल तीस मिलिमीटर वर गेलं, की तो सगळा भार नॉझलवर येतो आणि तुमच्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्या बाजूला, शेल काही दगडाचं नसतं. पातळ, मोठ्या व्यासाच्या शेलवरचं नॉझल मोमेंटखाली थोडं फिरतं. ही लवचिकता २९७ वरून काढता येते. ती धरलीत तर बऱ्याचदा तापमानामुळे येणारा मोमेंट उतरतो आणि निम्मी भांडणं मिटतात. धरायची की नाही हे व्हेसलवाल्याला विचारून ठरवा. विचारायला कमीपणा वाटतो का?

लोड जास्त आला की तुमची पहिली मागणी ठरलेली: 'पॅड जाड करा'. थांबा. तो लोड तापमानाचा असेल, तर तो येतो पाइपाला लांबायला जागा नसल्यामुळे. नॉझल जितकं कडक कराल तितकं ते जास्त लोड स्वतःकडे ओढून घेईल. पॅडने ताण थोडा उतरेल, फ्लँजवरचा मोमेंट मात्र वाढायचीच शक्यता. तिथे पाइपाला वळण हवं, गाइडची जागा बदलायला हवी, सपोर्ट व्हेसलवरूनच घ्यायला हवा, म्हणजे नॉझलबरोबर तोही वर जाईल.

आणि व्हेसलवाल्यांनो, म्हणून उगाच तुटपुंजे आकडे देऊन हात झटकू नका. तुम्ही कमी लोड दिलात की पायपिंगवाला प्रत्येक लाइनला लूप घालतो, स्प्रिंग लावतो, पाइप वाढतो, प्रेशर ड्रॉप वाढतो, पंप मोठा लागतो. जास्त दिलात की फॅब्रिकेटर प्रत्येक नॉझलला जाड पॅड आणि जाड गळा देतो, ज्यांना कधी एवढा लोड येणारच नाही त्यांनाही. दोन्हीकडे मालकाचा पैसा जातो. अडचण अशी की प्लेट मागवायची वेळ येते तेव्हा पायपिंगचा अभ्यास सुरूही झालेला नसतो. म्हणूनच आधी एक विचारपूर्वक आकडा ठरवायचा, त्याच्या खाली गृहीतकं लिहायची, आणि दोघांनी तो पाळायचा. प्रत्येक नॉझलसाठी शेलच्या गंजलेल्या जाडीवर, डिझाइन दाब लावून, सहाही घटक एकाच वेळी आणि सर्वांत वाईट दिशेने धरून, शेल, गळा आणि फ्लँज यांपैकी पहिला कोण मर्यादेला पोहोचतो ते बघायचं आणि त्याच्या अलीकडे थांबायचं. नंतर प्रत्यक्ष लोड आले आणि एक घटक वर गेला, दुसरा खाली राहिला, तर एकत्रित ताण पुन्हा तपासून तडजोड करता येते. ती तडजोड करायला दोघांना एकमेकांचा फोन नंबर माहीत हवा. इथे एकाच मजल्यावर बसणारी माणसं सहा महिने ईमेलवर टोलवाटोलवी करतात, हे मी ऐकून आहे.

तुम्हाला वाटत असेल मॅडम आकड्यांवरून उगीच कान पिळतायत. १ जून १९७४, शनिवार. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्पजवळ फ्लिक्सबरो गाव, नायप्रोचा कारखाना. नायलॉनसाठी लागणारं कॅप्रोलॅक्टम बनायचं. सायक्लोहेक्झेनचे सहा रिअॅक्टर एकापुढे एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा खाली, म्हणजे द्रव उताराने पुढे जाईल. मार्चमध्ये पाचव्या रिअॅक्टरला तडा सापडला. तो काढला आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंत तात्पुरता बायपास टाकायचं ठरलं. रिअॅक्टरची तोंडं २८ इंची. त्या मापाचा पाइप हाताशी नव्हता, म्हणून २० इंची घेतला. दोन तोंडं एका पातळीत नव्हती, म्हणून पाइपाला दोन ठिकाणी मोडी घातल्या. दोन्ही टोकांना बेलोज, खाली मचाणाच्या नळ्यांचा आधार. वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेलं पूर्ण मापाचं चित्र, एवढंच त्याचं ड्रॉइंग.

हिशोब अजिबात केला नव्हता असं नाही. पाइपातून पुरेसा द्रव जाईल का ते पाहिलं होतं. सरळ पाइप म्हणून तो दाब सोसेल का ते पाहिलं होतं. बेलोजवर दाबाने येणारी ढकल आणि मोडीमुळे तयार होणारा मोमेंट, हे कुणी पाहिलं नाही. २८ इंची तोंड आणि ८.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब, यांचा गुणाकार करा. सुमारे ३५ टन येतात. दोन्ही टोकांना ३५-३५ टन, आणि त्यांच्या रेषा वेगळ्या पातळीवर. म्हणजे पाइप पिरगळणारच. टेस्ट घेतली ती ९ किलोला, सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र ११ ला लावलेला. कारखान्यात वर्क्स इंजिनिअरची जागा रिकामी होती, आणि हा प्रश्न विचारू शकेल असा मेकॅनिकलचा जाणता माणूस जागेवर नव्हता. बायपास दोन महिने चालला. त्या शनिवारी दुपारी पाचच्या सुमारास तो सुटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पसरला आणि पेटला. २८ माणसं गेली, त्यांपैकी १८ जण कंट्रोल रूममध्ये होते. कामाचा दिवस असता तर किती गेले असते याचा विचार करा. चौकशी समितीने बोट ठेवलं ते याच बायपासवर.

तिथल्या माणसांनी काही वाईट हेतूने केलं नव्हतं. कारखाना चालू ठेवायची घाई होती आणि एक हिशोब राहून गेला. तुमच्या डेटाशीटवर मोमेंटच्या रकान्यात जिथे नुसती आडवी रेघ ओढली आहे, तिथे राहिलेला हिशोब तोच आहे. तुमच्या व्हेसलमध्ये बेलोज नसेल, दाब वेगळा असेल, पण प्रश्न विचारला नाही ही गोष्ट सारखीच.

साइटबद्दल एकच सांगते. फ्लँज जुळत नाही म्हणून चेन ब्लॉक लावून पाइप खेचायचा आणि बोल्ट घालायचे, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्या खेचण्याचा लोड कुठल्याही तक्त्यात नाही, आणि लाइन गार असतानाही तो नॉझलवर चोवीस तास राहतो. उपकरणावर घातक ताण येईल असं पाइप ओढून-वाकवून जुळवायला बी३१.३ मध्ये सरळ मनाई आहे. साइटवर गेलात आणि चेन ब्लॉक दिसला, तर तिथल्या माणसावर ओरडू नका. त्याला दिलेलं माप चुकलंय का ते आधी बघा, आणि काम थांबवायला सांगा.

आता पुढच्या शनिवारी मला काय हवंय ते लिहून घ्या. तेच व्हेसल, तेच नॉझल. कागदावर वरच्या बाजूला गंजलेली जाडी, दाब, तापमान. लोड कुठल्या जागी आणि कुठल्या अक्षांत धरलाय त्याचं हाताने काढलेलं चित्र. वजनाचा, तापमानाचा आणि प्रासंगिक लोड वेगवेगळ्या रकान्यांत. शेलमध्ये नॉझलपाशी, पॅडच्या कडेला, गळ्यात आणि फ्लँजवर असे चार हिशोब, आणि चौघांत कोण आधी मर्यादेला पोहोचलं ते. व्हेसलवाल्याने पायपिंगवाला जोडीदार घ्यायचा आणि पायपिंगवाल्याने व्हेसलवाला, कागद दोघांचा मिळून एक. ज्या रकान्यातला आकडा तुम्हाला फळ्यापाशी उभं राहून समजावता येणार नाही, तिथे 'अजून ठरलेला नाही' असं स्वच्छ लिहा. त्याचे गुण मी कापणार नाही. मागच्या प्रोजेक्टवरून उचललेला आकडा दिसला तर मात्र अख्खा कागद परत येईल.